नापास रेकॉर्डी आणि कागदी पाकिटं



बोल्टन हे नाव मी तेहतीस वर्षं फळ्यावर लिहिलं. औद्योगिक क्रांती, सॅम्युअल क्रॉम्प्टन, सूत कातायचं 'म्यूल' यंत्र, साल १७७९. मुलं पाठ करायची, पेपरात लिहायची आणि विसरायची. माझ्याही लेखी ते पुस्तकातलंच गाव होतं. पुढे लेक नेमकी तिथेच राहायला गेली आणि २०१९ च्या उन्हाळ्यात मी तीन महिने बोल्टनला राहून आले. क्रॉम्प्टनचा पुतळा पाहिला, गिरण्यांच्या उरलेल्या चिमण्या पाहिल्या. पण आज लिहायचंय ते गिरण्यांबद्दल नाही. लेकीच्या शेजाऱ्यांच्या कपाटाबद्दल आहे.

हे शेजारी म्हणजे निवृत्त बसचालक. वय माझ्याच आसपास. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. माझा नातू त्यांना 'रेकॉर्डवाले आजोबा' म्हणतो, मीही इथे तेच म्हणते. माझं इंग्रजी व्याकरणात पक्कं, पण तोंडातून यायला वेळ लागतो. त्यांचं इंग्रजी लँकेशायरच्या हेलाचं, अर्धे शब्द गिळलेले. पहिले आठ दिवस लेक दुभाषी होती. मग आमचं जमलं.

त्यांच्या मागच्या खोलीत भिंतभर लाकडी खण आहेत, आणि त्यात सात इंची रेकॉर्डी उभ्या लावलेल्या. एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला एक. यांना तिकडे 'सिंगल' किंवा फेऱ्यांवरून 'फॉर्टी फाइव्ह' म्हणतात. प्रत्येक रेकॉर्ड कागदी पाकिटात, आणि त्या पाकिटावर पारदर्शक प्लास्टिकचं आणखी एक पाकीट. मी सरळ रेकॉर्डीला हात घातला तेव्हा त्यांनी "आधी पाकीट बघा" म्हणून मला थांबवलं. मला हसू आलं. लाडू बाजूला ठेवून पुडीचा कागद वाचायला सांगावं तसं ते वाटलं. पण ते माझं हसू फार दिवस टिकलं नाही.

आधी त्यांच्या गुणपत्रिकेची गंमत सांगते. जुन्या रेकॉर्डींची खरेदी-विक्री करणारे लोक रेकॉर्ड आणि पाकीट दोघांना वेगवेगळे शेरे देतात. सर्वांत वर 'मिंट', म्हणजे टांकसाळीतून आत्ताच आलेल्या नाण्यासारखी. मग 'निअर मिंट', मग 'व्हेरी गुड प्लस', मग 'व्हेरी गुड', आणि त्याच्याही खाली 'गुड'. हे 'गुड' म्हणजे ओरखडे पडलेली, खरखरणारी, कशीबशी वाजणारी रेकॉर्ड! मी जन्मभर वह्यांवर 'चांगले' असा शेरा मारत आले, त्याचा तिकडे काय अर्थ झाला असता, देव जाणे. लेबलवर कुणी नाव लिहिलं असेल तरी गुण कमी. ब्रिटनमधल्या मुलामुलींना मित्राच्या घरी पार्टीला आपापल्या रेकॉर्डी न्यायची सवय होती. अदलाबदल होऊ नये म्हणून ती लेबलवर आणि पाकिटावर नाव लिहून ठेवत. साठ वर्षांपूर्वीच्या त्या अक्षरांमुळे आज किंमत उतरते. आजोबा मात्र अशी नावं असलेल्या रेकॉर्डी मुद्दाम ठेवतात. हे मी लक्षात ठेवलं, कारण पुढे सांगेन.

आता थोडा इतिहास. शिक्षिकेची सवय आहे, सहन करा.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी मोठी एलपी बाजारात आणली. प्रतिस्पर्धी आरसीए व्हिक्टरला ते झोंबलं. त्यांनी १९४९ च्या मार्चमध्ये सात इंची, ४५ फेऱ्यांची, मध्ये दीड इंचाचं मोठं भोक असलेली रेकॉर्ड काढली. ते भोक का, तर यंत्राच्या जाड दांड्यावर एकावर एक रेकॉर्डी रचून ठेवल्या की त्या आपोआप एकेक करून खाली पडाव्यात आणि वाजाव्यात. आणि गंमत म्हणजे सुरुवातीला कंपनीने संगीताच्या प्रकाराप्रमाणे रंग ठरवले होते. अभिजात संगीत लाल, गावाकडचं 'कंट्री' हिरवं, मुलांची गाणी पिवळी, लोकप्रिय गाणी काळी. काळ्या गायकांच्या 'ब्लूज' आणि 'रिदम अँड ब्लूज'साठी केशरी. त्या केशरी मालिकेतली पहिली रेकॉर्ड आर्थर क्रुडप या गायकाची होती, 'दॅट्स ऑल राइट'. हेच गाणं १९५४ च्या जुलैमध्ये मेम्फिस गावातल्या सन कंपनीच्या छोट्या स्टुडिओत एकोणीस वर्षांच्या एका गोऱ्या मुलाने गायलं. तो एल्विस प्रेसली. ती त्याची पहिली रेकॉर्ड, नंबर २०९. पुढच्याच वर्षी आरसीएने सनकडून एल्विसचा करार ३५,००० डॉलर मोजून विकत घेतला. क्रुडप आपल्या गाण्यांच्या मानधनासाठी अखेरपर्यंत भांडत राहिला आणि १९७४ साली वारला. रॉक संगीताचा सगळा इतिहास या दोन रेकॉर्डींत आहे असं मला वाटतं, पण आजोबांना ते पटत नाही. ते म्हणाले, "तुम्ही शिक्षक सगळं दोन ओळींत बसवता." बोलणं लागलं, पण चूक नव्हतं.

तर पाकिटं. ब्रिटनमध्ये साठच्या दशकात सिंगलला चित्राचं कव्हर सहसा नसायचं. असायचं ते कंपनीचं कागदी पाकीट, कंपनीचं नाव आणि रंग छापलेलं, मध्ये गोल कापलेलं, म्हणजे लेबल त्यातूनच वाचता यावं. पार्लोफोनचं हिरवं, बीटल्सची गाणी त्यात यायची. ही पाकिटं म्हणजे वाण्याच्या पुडीसारखीच. फाटली तर फाटली. पार्टीत दहा रेकॉर्डी वाजल्या की परत ठेवताना कोण बघतो कुठली कशात गेली ते. पण कंपन्या दर काही वर्षांनी पाकिटाची नक्षी बदलत. त्यामुळे १९६३ ची रेकॉर्ड १९६८ च्या पाकिटात असेल, तर जाणत्याला लगेच कळतं की हे लग्न नंतर लावलेलं आहे. आजोबांच्या एका खणात फक्त रिकामी पाकिटं आहेत. योग्य वर्षाचं पाकीट न मिळालेल्या रेकॉर्डींसाठी ते स्थळं शोधत असतात, असं मी म्हटलं, आणि लेकीला ते इंग्रजीत समजावून सांगताना पुरेवाट झाली.

अमेरिकेत मात्र मोठ्या कलाकारांच्या सिंगलना छायाचित्राची पाकिटं निघत. बीटल्सचं 'आय वाँट टू होल्ड युअर हँड' तिकडे कॅपिटल कंपनीने १९६३ च्या नाताळात काढलं. पाकिटावर चौघांचा फोटो, त्यात पॉल मॅकार्टनीच्या हातात सिगारेट. त्याच गाण्याला वीस वर्षं झाली म्हणून १९८४ साली रेकॉर्ड पुन्हा काढली, तेव्हा फोटो तोच, पण हातातली सिगारेट पुसून टाकलेली! आजोबांनी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवून मला फरक ओळखायला सांगितलं. मी ओळखला. मूळ कागद आणि नंतरची नक्कल कशी ताडून पाहायची हे मी वर्गात बखरींची उदाहरणं देऊन शिकवत असे. हे उदाहरण हाताशी असतं तर मागच्या बाकावरचेही जागे राहिले असते.

कधी कधी रेकॉर्ड साधी आणि पाकीटच दुर्मीळ असतं. रोलिंग स्टोन्सचं 'स्ट्रीट फायटिंग मॅन' अमेरिकेत १९६८ च्या ऑगस्टमध्ये आलं. त्याच महिन्यात शिकागोमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं होतं आणि रस्त्यावर पोलिसांनी निदर्शकांना बेदम मारलं होतं. या सिंगलच्या पाकिटावर पोलिसांनी खाली पाडलेल्या निदर्शकाचा फोटो होता. कंपनीने घाबरून ते पाकीट मागे घेतलं. मोजकीच वाचली. रेकॉर्ड आज सहज मिळते, पण ते पाकीट रॉकच्या दुनियेतल्या सर्वांत महागड्या कागदांपैकी एक आहे. ते आजोबांकडे नाही, हे सांगताना त्यांनी जरा घसा खाकरला.

पण त्यांचा जीव रॉकमध्ये नाही. त्यांचा जीव 'सोल'मध्ये आहे, आणि तोही अशा गाण्यांत, जी आपल्या जन्मगावी कुणीच ऐकली नाहीत.

डेट्रॉइट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. तिथे १९५९ साली बेरी गॉर्डी या तरुणाने घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन रेकॉर्ड कंपनी काढली. तीच मोटाउन. एका साध्या घरात स्टुडिओ, आणि तिथून सुप्रीम्स, फोर टॉप्स, मार्विन गे अशी एकाहून एक नावं बाहेर पडली. ते यश बघून डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस, जिथे तिथे छोट्या छोट्या कंपन्या निघाल्या. चर्चमध्ये गाणारी, कारखान्यात काम करणारी काळी मुलं-मुली पैसे जमवून यायची, दोन गाणी गायची, काही शे प्रती निघायच्या. पण रेडिओवर वाजवायला ओळख लागते आणि दुकानांत माल पोचवायला पैसा लागतो. ते नसलं की गाणं कितीही चांगलं असो, संपलं. न खपलेला माल गोदामात जायचा, आणि तो मोडीत काढला हे कळावं म्हणून लेबलमधून ड्रिलने आरपार भोक पाडायचे. तशा भोकाच्या रेकॉर्डी मी हातात घेऊन पाहिल्या. नापासाचा शिक्का दिसतो तो असा.

आता या नापास रेकॉर्डी इंग्लंडच्या उत्तरेत का आल्या? मँचेस्टरला 'ट्विस्टेड व्हील' नावाचा क्लब १९६३ पासून होता. तिथे रात्रभर अमेरिकन सोल वाजे. १९६८-६९ च्या सुमारास लंडनची आवड बदलली, नवं संगीत संथ आणि गुंतागुंतीचं झालं. उत्तरेकडच्या पोरांना मात्र १९६५ च्या धाटणीचं, धावत्या ठेक्याचंच गाणं हवं होतं, कारण त्यांना नाचायचं होतं. तसं गाणं आता कुणी नवं बनवत नव्हतं. मग उरलं काय? जुन्या गाण्यांतली न ऐकलेली गाणी. म्हणजे नापास झालेली. लंडनमध्ये डेव्ह गॉडिन नावाचे गृहस्थ सोल रेकॉर्डींचं दुकान चालवत. फुटबॉलच्या सामन्यांसाठी लंडनला आलेली उत्तरेकडची मुलं नवं काही न घेता हेच मागतात, हे त्यांनी ताडलं. दुकानातल्या लोकांना सोपं जावं म्हणून त्यांनी त्या गाण्यांना 'नॉर्दर्न सोल' म्हणायला सुरुवात केली, आणि १९७० साली आपल्या मासिकातल्या सदरात ते नाव छापलं. गंमत बघा, हे संगीत अमेरिकेतलं, पण नावातली उत्तर दिशा इंग्लंडची.

मग १९७३ च्या सप्टेंबरमध्ये विगन कसिनो सुरू झाला. विगन बोल्टनपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. खाणी आणि गिरण्यांचं गाव. कसिनो म्हणजे जुगाराचा अड्डा नव्हे, जुना मोठा बॉलरूम. शनिवारी मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास दारं उघडायची आणि रविवारी सकाळी आठपर्यंत नाच. दारू नाही, परवानाच नव्हता. (गोळ्या मात्र होत्या. आजोबांनी ते लपवलं नाही, मीही लपवत नाही.) लाकडी जमिनीवर पाय घसरावेत म्हणून पोरं टाल्कम पावडर टाकायची. आजोबा तेव्हा गिरणीत लागलेले होते. पिशवीत बदलायचे दोन शर्ट आणि टॉवेल घेऊन जायचे. सकाळी शेवटची तीन गाणी ठरलेली असायची, जिमी रॅडक्लिफ, टोबी लेजंड आणि डीन पॅरिश यांची. ती लागली की सगळ्यांना कळायचं, आता आठ वाजणार. १९८१ च्या ६ डिसेंबरला कसिनो कायमचा बंद झाला आणि दोन वर्षांत इमारतही पाडली. ते सांगताना आजोबांनी तीनही रेकॉर्डी काढून टेबलावर मांडल्या, पण वाजवल्या नाहीत. दुपारचे तीन वाजले होते. "आत्ता नाही," एवढंच म्हणाले.

या क्लबांत रेकॉर्ड वाजवणाऱ्यांची चढाओढ असायची. दुसऱ्याकडे नाही अशी रेकॉर्ड आपल्याकडे हवी. एखादी सापडली की गाण्याचं आणि गायकाचं नाव दिसू नये म्हणून लेबलवर कोरा कागद चिकटवायचे आणि खोटंच नाव सांगायचे. मला हे बिलकूल आवडलं नाही. ज्या गायकाला स्वतःच्या देशात कुणी विचारलं नाही, त्याचं गाणं परक्या गावात हजार माणसं नाचून डोक्यावर घेतात, आणि तिथेही त्याचं नाव झाकलेलं! आजोबा म्हणाले, तसं केलं नसतं तर दुसऱ्याच आठवड्यात चोरट्या प्रती निघाल्या असत्या. असेल. पण मी माझं मत बदललेलं नाही.

अशा झाकलेल्या गाण्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे फ्रँक विल्सनचं 'डू आय लव्ह यू'. हे १९६५ सालचं, मोटाउनच्याच 'सोल' नावाच्या उपकंपनीसाठी केलेलं. विल्सन तिथे गाणी लिहायचे आणि दुसऱ्यांची रेकॉर्डिंग करून घ्यायचे. गायक व्हायचं की निर्माता, असं त्यांना विचारलं गेलं, त्यांनी निर्माता व्हायचं ठरवलं, आणि काढलेल्या अडीचशे-एक नमुना प्रती नष्ट झाल्या, अशी हकिगत सांगतात. पण एखाददुसरी राहतेच ना कुठेतरी! सत्तरच्या दशकाच्या शेवटी एक प्रत इंग्लंडला पोचली आणि विगनला 'एडी फॉस्टर' या भलत्याच नावाने वाजू लागली. लोकांनी ती इतकी उचलून धरली की १९७९ साली ब्रिटनमध्ये मोटाउनला हे गाणं रीतसर काढावं लागलं. मूळ १९६५ च्या प्रती मात्र अगदी मोजक्याच ठाऊक आहेत. त्यातली एक २००९ साली पंचवीस हजार पौंडांच्या वर गेली. विल्सन तोवर संगीत सोडून धर्मोपदेशक झाले होते. २०१२ साली ते वारले. मी भारतात परतल्यावर, २०२० मध्ये, लेकीचा फोन आला, "आई, आजोबांनी सांगायला सांगितलंय, फ्रँक विल्सन एक लाख पौंडाला गेला." ते असं बोलतात, जणू पोरगा परीक्षेत पहिला आला.

आणखी एक. ग्लोरिया जोन्स नावाच्या गायिकेचं 'टेंटेड लव्ह' १९६५ सालीच निघालं, तेही रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, आणि पडलं. रिचर्ड सर्लिंग या विगनशी जोडलेल्या संग्राहकाला ते १९७३ साली फिलाडेल्फियात सापडलं आणि उत्तरेतल्या क्लबांत वाजू लागलं. ते ऐकत वाढलेल्या पोरांतल्या दोघांनी पुढे 'सॉफ्ट सेल' हा गट काढला आणि १९८१ साली तेच गाणं त्यांच्या आवाजात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. माझ्या नातवाला ते पाठ आहे. ते कुठून आलं, हे त्याला आजोबांच्या खोलीत कळलं.

लेबलचा हट्ट कुठवर जातो तेही सांगते. डॅरेल बँक्सचं 'ओपन द डोअर टू युअर हार्ट' अमेरिकेत १९६६ साली चांगलं चाललं, तिकडची प्रत महाग नाही. ब्रिटनमध्ये ते स्टेटसाइड कंपनीच्या लेबलवर आलं. पण त्याआधी लंडन नावाच्या कंपनीने ते छापलं होतं, हक्कांचा घोळ झाला आणि प्रती मागे घेतल्या गेल्या. विक्रीसाठी म्हणून छापलेली त्यातली एकच प्रत पुढे सापडली आणि ती चौदा हजार पौंडांच्या वर विकली गेली. गाणं तेच. आवाज तोच. मी म्हटलं, हा वेडेपणा आहे. आजोबा म्हणाले, "आहेच." आणि मग हळू आवाजात म्हणाले की या पैशातली एक पेनीसुद्धा गाणाऱ्यांना मिळत नाही, हे त्यांनाही सलतं. काही गायकांना निदान टाळ्या तरी मिळाल्या. मेजर लान्स हे शिकागोचे गायक १९७२ साली स्टोक शहरातल्या 'टॉर्च' क्लबात येऊन गायले, त्याची रेकॉर्डही निघाली. बहुतेकांना मात्र आपण इकडे कुणाचे कोण आहोत हे कळलंसुद्धा नाही.

असो. आता माझ्याकडे येते.

मी वाईची, हे आजोबांना कळलं तेव्हा त्यांनी नकाशा मागितला. वाईच्या वर पसरणीचा घाट चढला की पाचगणी, हे दाखवल्यावर त्यांनी खणातून एक चित्र काढलं. क्वीन या रॉक गटाचा फ्रेडी मर्क्युरी लहानपणी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच मुलांच्या 'हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो वाजवायचा, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ईएमआय कंपनीला १९७८ साली निर्यातीबद्दल राणीचा पुरस्कार मिळाला. त्यानिमित्त कंपनीने 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'च्या निळ्या रंगाच्या फक्त २०० सिंगल्स काढल्या, हाताने क्रमांक घालून, खास पाकिटात. त्या पाकिटाचं ते चित्र होतं. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर शिकलेल्या मुलाची ती रेकॉर्ड, आणि मी ती बोल्टनमध्ये बसून चित्रात पाहत होते.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "तुम्ही भारतातल्या. बीटल्सच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी पाहिल्यात का कधी?"

झालं असं की जगात बाकी जवळजवळ सगळीकडे ७८ ची जुनी रेकॉर्ड पन्नासच्या दशकाअखेर संपत आली होती. आपल्याकडे वीज नसलेली गावं होती, चावीचे ग्रामोफोन होते, म्हणून कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात साठच्या दशकातही बीटल्सची गाणी लाखेच्या ७८ वर निघत होती. आपली ती फुटणारी, जड, काळी तबकडी. तिच्यावर बीटल्स! आज जगभरचे संग्राहक त्या भारतीय रेकॉर्डी शोधत असतात, पाकिटासकट.

मी गप्प बसले. कारण माझ्या दादाकडे डमडमच्या रेकॉर्डी होत्या.

माझा थोरला भाऊ मुंबईला बॅलार्ड इस्टेटमध्ये नोकरीला होता. गिरगावात एक खोली. पगार झाला की काळाघोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये जायचा (ते दुकान २०१६ साली बंद झालं) आणि एखादी सिंगल घ्यायचा. बीटल्स, क्लिफ रिचर्ड, एल्विस. दोन-तीन काळ्या गायकांच्याही होत्या, नावं आठवत नाहीत, कारण मी कधी वाचलीच नाहीत. आमच्या वडिलांच्या भाषेत तो सगळा धांगडधिंगा होता आणि मी तेव्हा वडिलांच्या बाजूची होते. दादाची एक सवय मात्र आठवते. रेकॉर्ड घरी आणली की पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख लिहायचा, आणि खाली सही.

दादा १९८६ साली अचानक गेला. वहिनींनी खोली सोडली आणि रेकॉर्डींचा खोका आमच्या घरी वाईला आणून ठेवला. म्हणाल्या, "तुम्हीच ठेवा वन्सं, माझ्याच्याने बघवत नाही." साठेक रेकॉर्डी असतील. प्लेअर बंद पडलेला. वर्षभराने पाहिलं तर पाकिटांना कसर लागली होती. तेव्हा शाळेत प्रदर्शन होतं, सातवीच्या वर्गासाठी मी इतिहासाची कालपट्टी करत होते. शाळेकडे कार्डशीटला पैसे नव्हते. आणि इथे हा एवढा चांगला, जाड कागद आयता पडलेला.

मी पाकिटं कापली. कसर लागलेला भाग टाकून दिला, उरलेल्याची कार्डं केली आणि कोऱ्या बाजूवर शाईने सनावळ्या लिहिल्या. १६३०. १६७४. १७६१. १८१८. १८५७. प्रदर्शनात कालपट्टीचं कौतुक झालं. 'टाकाऊतून टिकाऊ' असं पाहुण्यांनी भाषणात म्हटलं. उघड्या रेकॉर्डी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेल्या, तिथे पत्र्याखाली तापून वाकड्या झाल्या, आणि १९९४ मध्ये भंगारवाल्याने वजनावर नेल्या. वहिनींनी पुन्हा कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. इथे वाचणाऱ्या भाचरांना हे पहिल्यांदाच कळत असेल. राग आला तर फोन करा, मी घरीच असते.

आजोबांना मी हे सगळं सांगितलं. लेकीने भाषांतर करताना मध्येच माझ्याकडे बघितलं, तिलाही ठाऊक नव्हतं. आजोबा काही बोलले नाहीत. उठले, एक खण उघडला आणि मुलींची नावं लिहिलेल्या त्या कमी गुणांच्या रेकॉर्डी काढून माझ्यापुढे ठेवल्या. मग चहा टाकला.

परत आल्यावर मी शाळेची लोखंडी पेटी उघडली. निवृत्त होताना तक्ते, नकाशे, सगळं त्यात भरून आणलं होतं. कार्डं होती. बहुतेकांच्या पाठीवर नुसताच रंग किंवा कंपनीच्या नावाचा एखादा तुकडा. १८५७ च्या पाठीमागे हिरवा रंग, गोल भोकाची कड, आणि कोपऱ्यात फिकट पेन्सिल. दादाच्या सहीचं शेपूट आणि वर '६५' एवढाच आकडा. दिवस आणि महिना कापलेल्या बाजूला गेले.

फोटो काढून लेकीकडून आजोबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं की एवढ्या तुकड्यावरून पाकिटाबद्दल नक्की सांगता येणार नाही, दुसरा अर्धा भाग आहे का? मी कार्डं जमिनीवर मांडून कडा जुळवल्या. १६७४ जुळत नाही, १८१८ जुळत नाही. १७६१ चं कार्ड पेटीत नाही. माळा बघायचा राहिलाय. गुडघ्यांमुळे मला चढता येत नाही, दिवाळीला भाचे येतील तेव्हा त्यांना वर चढवणार आहे.